इंटरनेटचा कंटाळा येतो का? कधीपासून, आणि नेमका कशाचा?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९:५०

आषाढ लागलाय, लावणी उरकत आलीय आणि संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्यासारखं काही नाही. पूर्वी अशा दिवसांत मी नेटवर तासन्‌तास रमायचो. आता रमत नाही. वापर मात्र कमी झालेला नाही, उलट वाढलाय. म्हणून हा धागा. वर्षानुवर्षं वापरून माणसाला इंटरनेटचा कंटाळा येतो का? येत असेल तर तो वयाचा, सवयीचा, की नेटच बदललंय?

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. माझ्यापर्यंत ते पुण्यात नोकरीला असताना, नव्वदीच्या अखेरीस पोचलं. मोडेमची किरकिर, नेट चालू तोवर घरचा फोन बंद, आणि पैसे तासावर. त्यामुळे काय करायचंय ते ठरवूनच बसायचं. पत्रं आधी लिहून ठेवायची, मग नेट जोडायचं, ती पाठवायची, आलेली उतरवून घ्यायची आणि तोडायचं. मराठी वाचायला मिळतं हे कळल्यावर तर वेड लागलं. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून होती, पुढे २००४ मध्ये मनोगत आलं, २००७ मध्ये मिसळपाव. फॉन्टची बोंब असायची, अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसायचे. तरी न्यू जर्सीतली कुणी बाई घावन तव्याला का चिकटतात म्हणून विचारतेय आणि कुवेतहून कुणी तिला उत्तर देतोय, हे वाचताना रात्र सरायची. ऑर्कुटवर आमच्या तालुक्याची कम्युनिटी होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, त्याआधी मी तिथल्या माणसांचे फोन नंबर वहीत लिहून घेतले. त्यातली काही माणसं आजही घरी येतात.

आता गावाकडचं. आमच्या वाडीतल्या बहुतेकांनी मोडेम पाहिलेला नाही, सायबर कॅफेची पायरी चढलेली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फोर-जी स्वस्त झालं आणि इंटरनेट थेट खिशात आलं. आज तीच माणसं मला म्हणतात, "कंटाळा आला बाबा ह्या फोनचा." मला जे व्हायला वीस वर्षं लागली ते त्यांना पाच-सहा वर्षांत झालं. म्हणजे हा नुसता वयाचा किंवा वर्षांचा हिशेब नाही.

माझं मत सांगतो. कंटाळा वापराचा नाही, बोलावण्यांचा आहे. परवा १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये आमच्या खाडीतली गलबतं काय माल घेऊन कुठे जायची ते शोधत बसलो. मध्यरात्र झाली आणि उठलो तो ताजातवाना. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास नुसता फोन हातात होता: बँकेचा मेसेज, गटात कुणाचा वाढदिवस, त्याला सगळ्यांच्या शुभेच्छा, एक ओटीपी, पुन्हा शुभेच्छा. काही शोधलं नाही, काही वाचलं नाही, आणि डोकं जड झालं. पहिल्या वेळी मी नेटवर गेलो होतो, दुसऱ्या वेळी नेटने मला बोलावलं होतं.

तुमचा अनुभव काय? कंटाळा येत नसेल तर तेही लिहा.

---

लाल_चिरा | रविवार, रात्री १०:१५

+१. मला फोन वाजला की हल्ली बघायच्या आधीच वैताग येतो. सविस्तर नंतर लिहितो, आमच्याकडे लाईट जाऊन येऊन आहे.

---

सुरंगी | रविवार, रात्री ११:०५

खाडीकाठ, बोलावण्यांचा हे पटलं, पण ती बोलावणी नाकारता येत नाहीत ही खरी अडचण आहे. माझं माहेर मालवण तालुक्यात, मी विरारला. आमच्या वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. निम्मी माणसं गावात, निम्मी मुंबईत, दोन-चार आखातात.

गटातली एक सकाळ सांगते. साडेपाचपासून सुप्रभात, जास्वंदीचे फोटो, स्वामींचे फोटो, मग कुठल्यातरी भाजीने साखर उतरते असं पुढे ढकललेलं, त्याखाली हात जोडलेले. मग एकाने विचारलं, आज वस्तीची एसटी आली होती काय. त्याला उत्तर यायच्या आत आणखी फुलं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये एक ओळ: "भाऊंना रात्री बांबोळीला हलवलं." खाली पुन्हा सुप्रभात. ती ओळ मी संध्याकाळी लोकलमध्ये वाचली. भाऊ माझे चुलत काका. तोवर घरातले सगळे गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात पोचले होते.

आता सांगा, गट सोडू कसा? आवाज बंद केलाय, पण दिवसातून चार वेळा उघडून सगळी फुलं चाळावी लागतात, कारण कुणास ठाऊक मध्ये काय लिहिलेलं असेल. पूर्वी गावात कुणी गेलं तर कुणीतरी चाळीत फोन करायचं, आणि मग कुणी ना कुणी दारात येऊन सांगायचं. निरोप माणसाच्या तोंडून यायचा आणि एकदाच यायचा. आता तो सगळ्यांना एकदम जातो आणि कुणालाच नीट पोचत नाही. मला ह्याचा थकवा येतो. चाळण्याचा नाही, काहीतरी सुटेल ह्या धास्तीचा.

---

बोगद्यापलीकडे | सोमवार, सकाळी ८:२०

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. हा थकवा काही प्रमाणात घडवलेला आहे.

पूर्वी पानाला शेवट असायचा. शोध घेतला की दहा उत्तरं दिसायची, पुढची हवी असतील तर बटण दाबायला लागायचं. ते बटण म्हणजे 'पुरे का आणखी?' असा प्रश्न होता. २००६ मध्ये एझा रास्किन ह्या डिझायनरने पान न संपता खाली सरकत राहील अशी रचना केली. त्याबद्दल त्याने स्वतः पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केलीय. त्याच वर्षी फेसबुकने न्यूज फीड आणलं. म्हणजे मित्राच्या पानावर आपण जायचं ते थांबलं आणि सगळ्या मित्रांचं सगळं आपल्यापुढे येऊन पडायला लागलं. २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. इन्स्टाग्रामवर फोटो टाकल्या क्रमाने दिसायचे, २०१६ मध्ये तो क्रम गेला आणि कुणाचं काय आधी दाखवायचं ते यंत्र ठरवायला लागलं. क्रम होता तोवर 'काल रात्रीपर्यंतचं पाहून झालं' असं म्हणता यायचं. आता पाहून होतच नाही.

स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग ह्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतात. ठरलेल्या वेळी दाणा मिळाला तर कबुतर निवांत असतं. कधी मिळतो, कधी मिळत नाही असं केलं की ते चोच मारतच राहतं. सुरंगी, तुमच्या गटात फुलं आणि बांबोळीची ओळ ज्या तऱ्हेने मिसळलेली आहेत, ती हीच तऱ्हा. तिथे ती कुणी मुद्दाम केली नाही, पण परिणाम तोच. काय येईल ते सांगता येत नाही म्हणून बघत राहायचं.

अवांतर: कोकण रेल्वेने रत्नागिरीला जाताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. रेंज जाते. मी दरवेळी पाहतो, आधी लोक फोन हलवून बघतात, मग खाली ठेवतात आणि समोरच्याला विचारतात, "कुठे उतरणार?" बोगदा संपला तरी ते बोलणं चालू राहतं. म्हणजे बोलायची इच्छा गेलेली नाही.

---

उधाण | सोमवार, दुपारी १:४०

मी बावीस वर्षांचा आहे, दापोली तालुक्यातला. इथल्या सगळ्यांपेक्षा लहान असेन, तरी लिहितो.

खाडीकाठ काका, तुम्ही म्हणता पूर्वी रमायचो. तुम्हाला निदान 'पूर्वी' आहे. माझ्या हातात फोन आला तेव्हापासून तो असाच आहे. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि लगेच रील्स आले. तेव्हा मी शाळेत होतो, वर्ग ऑनलाइन, घरात रेंज शून्य. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर, एका ठिकाणी रेंजच्या दोन काड्या यायच्या. तिथे छत्री घेऊन बसायचो, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवरूनच बोट फिरवायचं. बीजगणित मी त्या सड्यावर शिकलो. पाऊस कानात जायचा आणि सरांचा आवाज मध्येच तुटायचा. तरी मला त्या नेटचा कंटाळा कधी आला नाही, कारण तिथून उठून आलो की दिवस संपायचा.

आता घरात रेंज आहे. आणि तुम्ही वर्षांच्या कंटाळ्याबद्दल बोलताय, मला तो रोज रात्री येतो. दहा मिनिटांत येतो. कंटाळा आलाय हे स्वच्छ कळत असतं आणि तरी अंगठा चालूच असतो. बोगद्यापलीकडे यांनी कारण सांगितलं ते समजलं, पण समजून थांबता येत नाही. म्हणून मला वाटतं 'कंटाळा' हे इथे पुरेसं नाही. कंटाळा आला की माणूस उठतो. मी लहानपणी कॅरमचा कंटाळा आला की उठायचो, पोहायला जायचो. इथे कंटाळूनही बसलेलाच.

आणि एक. संध्याकाळी आम्ही पुलावर बसतो. सगळे फोनमध्ये. कुणी फोन ठेवला तरी करायचं काय? बाकीचे फोनमध्येच असतात. एकट्याने सोडून उपयोग नाही.

---

कलमवाला | सोमवार, रात्री ८:३०

उधाण, फार चांगलं लिहिलंस रे.

मी आंब्याचा बागायतदार, देवगडकडचा. माझ्यासाठी नेट म्हणजे धंदा, म्हणून माझी गोष्ट वेगळी. वडील पेट्या वाशीला दलालाकडे पाठवायचे आणि पट्टी येईल ती मुकाट घ्यायचे. मी गेली काही वर्षं थेट गिऱ्हाइकाला विकतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर लोक विचारायला लागले की बाबा खरा कुठला, खोटा कुठला. चार पैसे जास्त मिळतात ते नेटमुळेच, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण आता आंबा पिकवून भागत नाही, दाखवावाही लागतो. मोहोर आला, दाखवा. तुडतुडा पडला, फवारणी केली, दाखवा. झेल्याने आंबा उतरवताना गडी झाडावर असतो, त्याला म्हणायचं थांब, हसून बघ. तो बिचारा फांदीवर तोल सांभाळत हसतो. आढी लावतानाचा व्हिडिओ, पेटी भरतानाचा व्हिडिओ. एप्रिल-मेमध्ये अठरा तास काम असतं आणि रात्री साडेअकराला मेसेज येतो, "डझनाचा रेट काय?" सकाळी उत्तर दिलं तर तोवर त्याने दुसऱ्याकडून घेतलेला असतो. म्हणून उशाशी फोन.

झाडाला एक वर्ष भरपूर धरलं की पुढच्या वर्षी ते थोडी विश्रांती घेतं. हापूस तसा आहेच, सगळ्या बागायतदारांना माहीत आहे. फोनवर मात्र दरवर्षी तेवढंच धरावं लागतं, किंबहुना जास्तच. जुलैत बागेत खत घालतो तेव्हा फोन घरी ठेवून जातो. ते दोन तास माझे.

---

पोफळी | मंगळवार, सकाळी ७:१०

सगळं वाचलं. पण मला एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते, विशेषतः ज्यांना नेट नसलेलं जग सुखाचं वाटतं त्यांना.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. आमची सुपारीची वाडी दुपारच्या काही तासांत आडवी झाली. आजेसासऱ्यांच्या वेळची झाडं. पण त्या दिवशी झाडांचं दुःख करायला सवड नव्हती. वीज गेली, टॉवर गेले, लँडलाइन आधीच बंद पडलेल्या. माझे दोन्ही मुलगे मुंबईत, वर लॉकडाऊन, येता येत नाही. ते टीव्हीवर कौलं उडालेली बघतायत आणि आम्ही जिवंत आहोत का हे त्यांना कळायला मार्ग नाही. गावातला एक मुलगा मोटरसायकलवरून, वाटेतली झाडं ओलांडत, रेंज मिळेल तिथपर्यंत गेला. त्याच्याजवळ सगळ्यांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या, मुलांचे नंबर आणि एकेक ओळ. आमची ओळ: "दोघे बरे आहोत, छप्पर गेलं, येऊ नका." त्याने तिथे उभं राहून एकेक ओळ टाइप करून पाठवली. वीज यायला तर आठवडे लागले.

तेव्हा कुणाला फोनचा कंटाळा नव्हता. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या माणसांचे पत्ते मी ह्याच गटांतून पुढे पाठवले, आणि त्यातल्या एका घरापर्यंत बोट गेली. ज्या गटात फुलं येतात त्याच गटातून. म्हणून मी गट सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

---

कौलारू | मंगळवार, रात्री ९:२५

पोफळीताई, वाचून अंगावर काटा आला.

मी प्राथमिक शिक्षिका, संगमेश्वर तालुक्यात. द्विशिक्षकी शाळा. आमचा थकवा करमणुकीचा नाहीच. लिंक भरा, फोटो अपलोड करा, आज ५ वाजेपर्यंत माहिती सादर करा, नसेल तर निरंक अहवाल पाठवा. निरंक म्हणजे काही नाही, पण 'काही नाही' हेसुद्धा वेळेत कळवायचं. हे येतं त्याच फोनवर, ज्यावर माझ्या आईचा फोन येतो आणि ज्यावर मी रात्री एखादं गाणं ऐकते. मग गाणं लावायला फोन घेतला तरी पोटात गोळा येतो, आणखी काय आलं असेल. मी सोशल मीडियावर जवळजवळ नाहीच. तरी मी इथल्या कुणाइतकीच थकलेली आहे. कंटाळ्याचं सगळं खापर रील्सवर फोडू नका एवढंच म्हणणं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झाला नाही. मला तो व्हावा असं मनापासून वाटतं, आणि त्यात खेड्यातल्या शाळा याव्यात.

उधाण म्हणतो एकट्याने सोडून उपयोग नाही, ते अगदी खरं. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. तिथे जमलं कारण सगळ्या गावाने मिळून ठरवलं, कुणा एकावर ते पडलं नाही.

---

लाल_चिरा | मंगळवार, रात्री १०:००

कौलारू, कल्पना चांगली आहे पण आपल्याकडे भोंगा ऐकू कुणाला जाणार? घाटावर गाव एकवट असतं. आपल्या वाड्या डोंगराच्या दोन अंगांना, मध्ये पऱ्या, एका घरातून दुसरं घर दिसत नाही. आणि पावसात तर पत्र्यावरच्या आवाजाने शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. इथे वाडीवाडीने ठरवावं लागेल.

शिवाय संध्याकाळी सात ही मुंबईच्या माणसांची घरी फोन करायची वेळ. ती बंद केली तर म्हातारी माणसं भांडायला उठतील.

---

वल्हं | बुधवार, दुपारी १२:१५

मी हर्णैचा. बोलून टाइप करतो, चुकलंमाकलं समजून घ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या. आता तेच चालू आहे. जाळी विणून झाली की फोनशिवाय काही नाही आणि ह्या दोन महिन्यांत मला फोन नकोसा होतो. ऑगस्टपासून उलटं. निघायच्या आधी वारा कुठला, लाटा किती ते बघायचं. हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी कुठल्या पट्ट्यात मिळण्याची शक्यता आहे ते येतं, ते बघायचं. किनारा मागे पडला की रेंज जाते, फोन केबिनमध्ये. परत येताना बंदर जवळ आलं की पहिला फोन घरी, दुसरा भाव विचारायला. तेवढ्यात काम झालं. दहा महिने असाच वापरतो आणि दहा महिने मला तो आवडतो. तोच फोन, तेच नेट. म्हणून मला वाटतं रिकामा हात हे कारण आहे.

---

सावंतवाडकर_मुंबईत | बुधवार, रात्री ९:१०

उलट अनुभव नोंदवतो. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पंच्याहत्तरीच्या आसपास स्मार्टफोन हातात घेतला. रोज रात्री जेवण झालं की यूट्यूबवर दशावतार लावतात. पूर्ण नाटक, गणपती-संकासुरापासून शेवटच्या युद्धापर्यंत, एकही प्रसंग पुढे न ढकलता. पूर्वी जत्रेत रात्रभर जागून बघायचे, आता गुडघे साथ देत नाहीत. शोधायला मालवणीत बोलतात, ते फोनला कळत नाही, मग नातू टाइप करून देतो. नाटक संपलं की फोन उलटा करून ठेवतात. मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाले, "नाटकाचो कसलो कंटाळो? माका त्या मधल्या जाहिरातींचो येता."

वल्हं म्हणतात रिकामा हात. बाबांचा हात दिवसभर रिकामाच असतो. पण त्यांना काय बघायचंय ते ठरलेलं असतं, आणि नाटकाला शेवट असतो.

---

खाडीकाठ | बुधवार, रात्री ११:३०

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आणि काही बोलायचं राहिलंय ते लिहितो.

पोफळीताई, तुमच्या त्या चिठ्ठ्यांच्या ओळी वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. त्या ओळींचा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा रस्ता एकच आहे, आणि तो रस्ता आपण बंद करू शकत नाही. म्हणून 'फोन सोडा' हा सल्ला मी कुणाला देणार नाही. शहरातल्या माणसाने नेट बंद केलं तर त्याला शेजारी, दुकान, डॉक्टर खाली उतरल्यावर सापडतात. आमच्याकडे रेशनचं ओटीपी फोनवर, सातबाऱ्यावर पिकाची नोंद ई-पीक पाहणीतून, तीही शेतात उभं राहून फोटो काढून, आणि पोरं मुंबईत. इथे फोन बंद करणं ही चैन आहे.

सोडता येत नाही म्हणूनच तो नीट वापरण्याजोगा ठेवला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. तातडीचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच दारातून, एकाच आवाजात येतं, हा सुरंगी आणि कौलारूंचा समान त्रास. ते वेगळं काढलं तर निम्मा भार उतरेल. गटात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१८ पासून आहे. वाडीचा एक गट फक्त निरोपांचा का करू नये? फुलांचा गट राहू दे, ज्याला हवा तो बघेल.

उधाण, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण पुलावर बसणाऱ्यांपैकी एकाला तरी हा धागा दाखव.

---

सुरंगी | गुरुवार, सकाळी १०:४०

खाडीकाठ, मी कालच आमच्या गटात हे मांडलं. लगेच दोन काका रागावले, "आमची फुलं नको झाली का?" त्यांना समजावलं की गट तसाच राहणार आहे. दुसरी अडचण जास्त खरी होती: कुणी गेलं तर श्रद्धांजली कुठे वाहायची? निरोपाच्या गटात लिहिता येणार नाही, आणि काहीच लिहिलं नाही तर घरच्यांना वाटेल की ह्यांनी दखल घेतली नाही. शेवटी आमच्या काकूंनी सोडवलं. म्हणाल्या, हात जोडलेलं चित्र टाकून कोण दखल घेतं, घरी फोन करा.

---

उधाण | गुरुवार, दुपारी ३:०५

पुलावर दाखवला. दोघांनी पूर्ण वाचला, बाकीच्यांनी लांब आहे म्हणून सोडला. पण वल्हंदादांना त्यातला एक जण ओळखतो निघाला. ऑगस्टमध्ये बोट बाहेर पडेल तेव्हा आम्हा तिघांना घेऊन जाल का असं विचारायला सांगितलंय. विचारतोय.

---

वल्हं | गुरुवार, रात्री ८:५०

नारळी पौर्णिमेनंतर या. उलटीची गोळी घेऊन या.

---

कौलारू | शुक्रवार, सकाळी ६:५५

सुरंगी, निरोपाच्या गटाचे नियम इथे टाकाल का? आमच्या पालकांच्या गटासाठी तसाच करून बघते. वरिष्ठांकडून येणारं मी थांबवू शकत नाही, पण माझ्याकडून पालकांना जाणारं तरी कमी करता येईल. पाऊस जास्त असला की शाळा आहे की नाही एवढंच त्यांना हवं असतं, आणि तेच त्या ढिगात सापडत नाही.

---

सुरंगी | शुक्रवार, रात्री १०:२०

आमचं ठरलं ते असं. लिहिणारी माणसं चार, दोन गावातली, दोन मुंबईतली, म्हणजे एकाची रेंज गेली तरी दुसरा आहे. फक्त एवढंच यायचं: आजारपण, मयत, लाईट आणि पाणी, एसटी, देवळाचं कार्य, ग्रामसभा. एका निरोपाला एक मेसेज, त्यात नाव, गाव आणि कुणाला फोन करायचा तो नंबर. रात्री दहानंतर फक्त आजारपण आणि मयत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच निरोप बोलूनही टाकायचा. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी गट सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा, हे पोफळीताईंचं वाचून मीच घालायला लावलं.

आज पहिला निरोप आला. भाऊंना डिस्चार्ज मिळाला, रविवारी घरी आणतायत.